वायफाय कार्ड बदलताना : वाचकांचे प्रश्न

लॅपटॉपच्या वायफायबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच अडचणीची अनेक पत्रं असली तर त्यांतलं सर्वांत नेमकं पत्र छापलं आहे. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण कार्ड बसवण्याची सगळी कृती त्यातच दिली आहे. पुढच्या उत्तरांत ती पुन्हा सांगितलेली नाही.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१८ सालचा आहे. घरी १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. मोबाइलवर ९० च्या आसपास वेग येतो, लॅपटॉपवर मात्र ३५-४० च्या वर जात नाही. राउटरची '५जी' असं लिहिलेली दुसरी वायफाय मोबाइलला दिसते, लॅपटॉपला दिसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रिअलटेक आरटीएल८७२३डीई' असं नाव आहे. कार्ड बदलता येईल का? कोणतं घ्यावं आणि कसं बसवावं? – पदवीचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : बहुतेक बदलता येईल. तुमच्या कार्डाची कुवतच तेवढी आहे. आरटीएल८७२३डीई फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि एकाच अँटेनावर डेटा पाठवतं. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्याचा लिंक वेग, म्हणजे कार्ड आणि राउटर यांच्यातला वेग, जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस असतो. प्रत्यक्षात हाती येतो तो लिंक वेगाच्या निम्मा किंवा थोडा जास्त, म्हणजे तुमचे ३५-४० झाले. राउटरची दुसरी वायफाय ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि तो पट्टा ऐकणारा रेडिओच या कार्डात नाही. ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी ते नाव यादीत येणार नाही.

पण कार्डाची ऑर्डर देण्याआधी लॅपटॉप तपासा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत चुकीचं बसवल्याच्या थोड्या असतात, चुकीचं विकत घेतल्याच्या जास्त.

आधी स्लॉट बघा. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, त्यात वायफाय कार्डाचं पान काढा. २०१५ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एम.२ प्रकारचं, २२३० मापाचं कार्ड असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. त्याआधीच्यांत हाफ मिनी पीसीआयई असतं. ते ३० मिलिमीटर रुंद आणि सुमारे २७ मिलिमीटर लांब असतं आणि दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. काही पातळ लॅपटॉपमध्ये वायफायची चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तसं असेल तर विषय तिथेच संपतो, यूएसबी अडॅप्टर घ्या. आणखी एक घोळ नेहमी होतो. एसएसडीसाठी असलेला रिकामा एम.२ स्लॉट पाहून लोक त्यात वायफाय कार्ड घालू बघतात. एसएसडीच्या स्लॉटची खाच 'की एम' असते, वायफायची 'की ई' किंवा 'की ए'. ते बसत नाही, जोर लावलात तर स्लॉट तुटेल.

मग अँटेनाच्या तारा मोजा. स्क्रीनच्या कडेने बिजागरीतून खाली आलेल्या, सुतळीपेक्षा बारीक अशा तारा कार्डावर लागलेल्या असतात. साधारणपणे एक काळी आणि एक पांढरी असते. तुमच्यासारख्या एका अँटेनाच्या कार्डाबरोबर काही कंपन्या एकच तार देतात. दोन अँटेनांचं कार्ड एकाच तारेवर चालतं, पण निम्म्या लिंक वेगाने आणि कमी रेंजवर. दुसरी अँटेना म्हणजे तार लावलेली एक लवचीक पट्टी. ती स्वतंत्र मिळते आणि मागून चिकट असते. ती पामरेस्टच्या, म्हणजे कीबोर्डपुढे हात टेकवायच्या जागेच्या, आत प्लॅस्टिकला चिकटवा. धातूच्या पत्र्यामागे लावली तर लावून न लावल्यासारखी. घेताना तारेच्या टोकाला 'एमएचएफ४' कनेक्टर आहे ना, हे विचारा. जुन्या मिनी पीसीआयई कार्डांचा 'यूएफएल' कनेक्टर त्याहून थोडा मोठा असतो आणि एम.२ कार्डावर बसत नाही.

तिसरी गोष्ट बायोसमधल्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममधल्या, कुलपाची. जुन्या लॅपटॉपमध्ये हा प्रश्न मोठा आहे, त्यावर पुढे वेगळं उत्तर आहे. २०१८ च्या मॉडेलला बहुधा अडचण येणार नाही.

कार्ड कोणतं? तुमच्या लॅपटॉपसाठी इंटेलचं एएक्स२१० घ्या. ते मिळालं नाही तर एएक्स२००. दोन्हींना दोन अँटेना लागतात, दोन्ही २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतात, दोन्हींवर ब्लूटूथ आहे आणि प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा, दोन्ही चालतात. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्यांचा लिंक वेग १२०१ एमबीपीएस होतो, म्हणजे तुमचं १०० चं कनेक्शन सहज भरून वाहील. एक अट लक्षात ठेवा. या दोन्ही कार्डांचे ड्रायव्हर फक्त ६४ बिट विंडोज १० आणि ११ साठी आहेत. विंडोज ७ वर ती चालणार नाहीत. नावातला शेवटचा आकडाही नीट वाचा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही वेगळ्या जातीची कार्डं आहेत, ती घेऊ नका.

लॅपटॉप उघडण्याआधी घरच्या तयारीत सर्वांत महत्त्वाचा ड्रायव्हर. इंटेलच्या संकेतस्थळावरून वायफायचा आणि ब्लूटूथचा असे दोन वेगवेगळे ड्रायव्हर उतरवून लॅपटॉपवरच ठेवा. कार्ड बदलल्यावर इंटरनेट नसतं आणि तेव्हा ड्रायव्हर आणायचा कुठून, हा प्रश्न पडतो. वसतिगृहात किंवा कॉलेजात मॅक पत्त्याची, म्हणजे प्रत्येक कार्डाच्या स्वतंत्र क्रमांकाची, नोंद करून इंटरनेट देत असतील तर नव्या कार्डाचा मॅक पत्ता वेगळा असेल हे ध्यानात ठेवा, पुन्हा नोंद करावी लागेल. तो पत्ता कार्डाच्या लेबलवर छापलेला असतो. बसवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

आता कृती. शिफ्ट दाबून ठेवूनच 'शट डाउन'वर क्लिक करा. नुसतं शट डाउन केलं तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे यंत्र अर्धवट झोपेत राहतं. चार्जर काढा. लॅपटॉप मऊ कापडावर पालथा घाला. शून्य नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घ्या. काही स्क्रू रबरी पायांच्या किंवा पट्टीच्या खाली दडवलेले असतात. झाकण एका जागी घट्ट धरून बसलं असेल तर तिथे एक स्क्रू राहिलेला आहे असं समजा आणि ओढू नका. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कागदावर झाकणाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वर पामरेस्टमधून फुगवटा काढतो. झाकणाच्या कडा सोडवायला प्लॅस्टिकचं जुनं कार्ड पुरतं, लोखंडी पातं नको.

उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर मदरबोर्डपासून सोडवा. तारांना धरून ओढू नका, कनेक्टरच्या दोन्ही कानांना नखाने सरकवा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. हात नळासारख्या उघड्या धातूला एकदा लावून घ्या. तारा कशा गेल्या आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

अँटेनाचा कनेक्टर टिचबटणासारखा असतो. त्याच्या गोल कड्याखाली प्लॅस्टिकचं टोक घालून सरळ वर उचला. तार ओढली तर कडं कार्डावरच राहतं आणि तार हातात येते. हे कनेक्टर वीस-तीस वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात, म्हणून सरावासाठी काढघाल करत बसू नका. त्यानंतर कार्डाच्या टोकाचा एकच स्क्रू काढा. कार्ड स्वतःच थोडं तिरपं उचललं जाईल, त्याच कोनात ओढून घ्या. नवं कार्डही तसंच तिरपं, सोनेरी पट्ट्या स्लॉटमध्ये जवळपास दिसेनाशा होईपर्यंत सारा, खाली दाबा आणि स्क्रू लावा. स्क्रू जेमतेम घट्ट असला तरी पुरे.

तारा लावणं हे सगळ्यात नाजूक काम आहे. आधी काढलेल्या फोटोप्रमाणे एक तार १ किंवा 'मेन' लिहिलेल्या जागी लावा आणि दुसरी २ किंवा 'ऑक्स'च्या जागी. कनेक्टर बरोबर मध्यावर ठेवून नखाच्या सपाट बाजूने सरळ खाली दाबा. बारीकशी 'टिक' जाणवते. ती जाणवली नाही आणि कनेक्टर एका बाजूला कललेला दिसला तर उचलून पुन्हा ठेवा. कललेल्या अवस्थेत दाबलात तर कडं वाकतं आणि मग ते कधीच धरत नाही. उलटसुलट लागल्या तर काही जळत नाही, कार्ड चालतं. तिसरी राखाडी तार सापडली तर तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून बाजूला ठेवा. उघडं टोक मदरबोर्डवर लोळू देऊ नका.

बॅटरी लावा, झाकण नुसतं ठेवा, सगळे स्क्रू लावण्याआधी एकदा चालू करून बघा. वायफायचा ड्रायव्हर टाका, मग ब्लूटूथचा, मग रीस्टार्ट करा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत लिंक वेग, पट्टा आणि प्रोटोकॉल हे तिन्ही दिसतात. राउटरच्याच खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर, वायफाय ५ च्या राउटरला ८६७ आणि वायफाय ६ च्या राउटरला १२०१ दिसायला हवा. त्याच्या निम्मा, म्हणजे ४३३ किंवा ६००, दिसला तर एक तार नीट बसलेली नाही. आता उघडंच आहे, तेव्हाच बघून घ्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०' आला तर घाबरू नका. पूर्ण शट डाउन, चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबणं, मग जुना ड्रायव्हर फायलींसकट काढून नवा टाकणं, याच क्रमाने जा. बहुतेक वेळा एवढ्याने जातो.

प्रश्न : ऑनलाइन एएक्स२०१ कार्ड घेतलं. रायझनच्या लॅपटॉपमध्ये अगदी नीट बसलं, स्क्रूही लागला, पण डिव्हाइस मॅनेजरला ते दिसतच नाही. दुसरं कार्ड मागवून पाहिलं, तेच. स्लॉट खराब आहे का? – अकाउंटंट, नागपूर

उत्तर : स्लॉट चांगला आहे. एएक्स२०१ हे पूर्ण वायफाय कार्ड नाही, त्यात फक्त रेडिओचा भाग आहे. बाकीचं डोकं, म्हणजे डेटावर प्रक्रिया करण्याचं काम, इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये बसवलेलं असतं. या रचनेला सीएनव्हीआय म्हणतात. रायझन हा एएमडीचा प्रोसेसर, त्या यंत्रात समोर बोलायला कोणीच नसतं, म्हणून कार्ड मुकं राहतं. खाच आणि माप तेच ठेवल्यामुळे बसतं मात्र बिनबोभाट, आणि गोंधळ तिथेच होतो. आम्हाला हे ग्राहकावर अन्यायाचं वाटतं. विक्रेत्यांनी जाहिरातीत 'फक्त इंटेल सीएनव्हीआय' असं मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

आकडे पाठ ठेवा. ९२६०, एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साधी पीसीआयई कार्डं आहेत, कुठेही चालतात. ९५६०, एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही सीएनव्हीआयची, ती इंटेलच्या ठरावीक पिढ्यांवरच चालतात. इंटेलच्याच दोन पिढ्यांतही ती आपसांत बदलतीलच असं नाही. वायफाय ७ चं बीई२०० पीसीआयईवरच चालतं, तरी इंटेल ते स्वतःच्या प्लॅटफॉर्मसाठीच देते. रायझनवर ते घेऊ नका. तुमच्यासाठी एएक्स२१० किंवा मीडियाटेकचं एमटी७९२२. एएक्स२०१ परत करता येत असेल तर करा, नसेल तर ते दहाव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवाल्याला उपयोगी पडेल.

प्रश्न : थिंकपॅड एक्स२३० मध्ये नवीन वायफाय कार्ड घातलं. चालू करताच '१८०२ : अनऑथोराइज्ड नेटवर्क कार्ड' असा संदेश येतो आणि पुढे काहीच होत नाही. जुनं घातलं की चालू होतो. – छपाई व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : यालाच बायोसमधलं कुलूप म्हणायचं. त्या काळात लेनोव्हो, एचपी अशा कंपन्या बायोसमध्ये चालणाऱ्या कार्डांची यादी ठेवत. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की यंत्र तिथेच थांबतं. एचपीच्या यंत्रांवर हाच संदेश १०४ क्रमांकाने येतो. कंपन्यांचं कारण असं की रेडिओ आणि अँटेना यांची जोडी मिळून सरकारी मान्यता मिळालेली असते. नंतरच्या मॉडेलांत हे कुलूप मागे पडलं.

तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. सर्वांत सरळ रस्ता यादीतलंच कार्ड घेण्याचा, म्हणजे इंटेल सेंट्रिनो ६२०५. ते दोन अँटेनांचं आहे, ५ गिगाहर्ट्झवरही चालतं आणि लिंक वेग ३०० एमबीपीएस देतं. घेताना त्यावर लेनोव्होचा एफआरयू क्रमांक, म्हणजे सुट्या भागाचा क्रमांक, छापलेला आहे ना, ते बघा. तीच चिप असलेलं पण दुसऱ्या कंपनीच्या नावाचं कार्ड घेतलं तर पुन्हा १८०२ येईल, कारण बायोस चिपबरोबर कार्ड कोणासाठी बनलं तेही तपासतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात जुन्या लॅपटॉपचे सुटे भाग विकणारे आहेत. त्यांना एफआरयू क्रमांक सांगून विचारा. दुसरा रस्ता यूएसबी अडॅप्टरचा. त्यावर बायोसचं बंधन नाही. तिसरा रस्ता बायोस बदलून यादी काढून टाकण्याचा. या मॉडेलसाठी तसे मार्ग उपलब्ध आहेत, पण मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होतो आणि मग चिप बाहेरून प्रोग्राम करावी लागते. ज्या यंत्रावर रोजचं काम अवलंबून आहे त्यावर हा प्रयोग करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कार्ड बदलल्यावर वायफाय उत्तम, पण ब्लूटूथ गायब. कार्डावर ब्लूटूथ आहे असं लिहिलेलं आहे. – गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : एकाच कार्डावर असले तरी दोघांचे रस्ते वेगळे आहेत. वायफाय पीसीआय एक्स्प्रेसवरून (म्हणजेच पीसीआयई) बोलतं आणि ब्लूटूथ त्याच स्लॉटमधल्या यूएसबी २.० च्या जोडीवरून. आधी ब्लूटूथचा स्वतंत्र ड्रायव्हर टाकला आहे का ते बघा, निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. मग पूर्ण शट डाउन करून चार्जर काढा आणि पाच मिनिटांनी चालू करा. तरीही डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचं नावनिशाण नसेल तर मूळ कार्डावर ब्लूटूथ होतं का ते आठवा. नसेल, तर कंपनीने त्या स्लॉटला यूएसबीच्या रेषा जोडलेल्याच नसण्याची शक्यता मोठी. त्यावर उपाय नाही, ब्लूटूथचं छोटं यूएसबी डोंगल घ्या.

हाफ मिनी पीसीआयईच्या जुन्या लॅपटॉपमध्ये ब्लूटूथवाली नवी कार्डं ५१ क्रमांकाच्या पिनमुळे अडतात. ती पिन ब्लूटूथ बंद ठेवण्याचा संकेत देते आणि जुन्या बोर्डावर ती कायम 'बंद'वर अडकलेली असू शकते. त्या एका पट्टीवर वीज वाहू न देणाऱ्या कॅप्टॉन टेपची बारीक चिंधी लावली की ब्लूटूथ जागं होतं. शेजारच्या पट्टीवर टेप जाऊ देऊ नका. वायफायच 'हार्डवेअर स्विचने बंद' असं दाखवत असेल तर दोषी पिन २० असते, उपाय तोच.

प्रश्न : शाळेतल्या पाच जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. तीन चालू आहेत, दोनांत वायफायच नाही. त्या दोनांत ब्रॉडकॉमचं कार्ड आहे. केबल लावायला पोर्टही नाही. इंटरनेटशिवाय ड्रायव्हर कसा आणायचा? – संगणक शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन वायरच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, काहीही टाकावं लागत नाही. फोन शाळेच्या वायफायवर असेल तर तेच इंटरनेट पुढे येतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही.

आता टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय हा आदेश 'एनएन' या पर्यायासह द्या. ब्रॉडकॉमच्या ओळीत १४ई४ ने सुरू होणारा क्रमांक दिसेल. १४ई४:४३६५ असेल तर ती बीसीएम४३१४२ चिप. तिला ब्रॉडकॉमचा स्वतःचा, 'डब्ल्यूएल' नावाचा ड्रायव्हर लागतो. मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, त्यात तो सुचवलेला दिसेल. निवडा, टाका, रीस्टार्ट करा.

इथेच बहुतेक जण अडकतात, कारण यंत्रात सिक्युअर बूट, म्हणजे ओळख न पटलेला ड्रायव्हर आत न घेणारी सोय, चालू असतो. तेव्हा ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं तर ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला आत घेत नाही, आणि बाहेरून सगळं नीट असूनही वायफाय नाही असं दिसतं. तसं झालं असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका आणि त्या पडद्यावर थांबा. ज्या यंत्रांवर शेजारी विंडोजही आहे आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, चालू आहे, तिथे बायोसमधल्या सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

कार्ड दिसतं पण चालू होत नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' हा आदेश द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड : यस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' दिल्यावर सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड : यस' असेल तर लॅपटॉपच्या कडेचा वायफायचा सरकता स्विच शोधा, मुलांच्या हाताने तो सरकलेला असतो.

शाळेसाठी आमचा सल्ला थोडा वेगळा आहे. दर कर्नल अपडेटला हा बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो आणि कधीतरी अडतो. या दोन यंत्रांत इंटेलची किंवा एथेरॉसची जुनी कार्डं घाला. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, रोजची डोकेदुखी संपेल. नव्या यंत्रांसाठी एएक्स२०० घेतलं तर कर्नल ५.१ किंवा त्यापुढचा हवा, एएक्स२१० ला ५.१० किंवा त्यापुढचा. कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामांचं लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेजही सोबत ताजं ठेवा, नाहीतर ड्रायव्हर फर्मवेअरची फाइल शोधत थांबून राहतो.

प्रश्न : नवा वायफाय ६ राउटर लावल्यापासून जुन्या लॅपटॉपला नेटवर्कचं नावच दिसत नाही. त्यात इंटेल ७२६५ आहे आणि ते ५ गिगाहर्ट्झवर चालतं. इतर सगळ्यांना नाव दिसतं. – निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव

उत्तर : कार्ड ठीक आहे, ड्रायव्हर जुना आहे. इंटेलच्या काही जुन्या ड्रायव्हरांना ८०२.११एएक्स, म्हणजे वायफाय ६, राउटरच्या घोषणेतल्या नव्या नोंदी समजत नाहीत आणि ते असं नेटवर्क यादीतूनच वगळतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून इंटेलच्या संकेतस्थळावरून ७२६५ चा शेवटचा ड्रायव्हर टाका. तोवर घाई असेल तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा एएक्स मोड बंद करा, नाव लगेच दिसेल.

नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही जोडत नाही, अशी तक्रार असेल तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवलेली असते. ती 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' मिश्र ठेवा. सगळं उघडं ठेवू नका.

प्रश्न : पंखा साफ करून आणल्यापासून वायफाय फक्त राउटरच्या खोलीत चालतं. आधी बाल्कनीत चालायचं. कार्ड गेलं का? – अनुवादक, पुणे

उत्तर : कार्ड गेलं असतं तर राउटरच्या खोलीतही चाललं नसतं. अँटेनाची तार निसटली आहे. कार्डाच्या पट्ट्या आणि सोल्डर एवढ्या जवळच्या अंतरावर अँटेनाविनाही थोडं ऐकतात, म्हणून भास होतो की चालतंय. पंखा काढताना या तारा बाजूला सारतात, तेव्हा कनेक्टर सुटतो. उघडा, आणि भिंग असेल तर घ्या. कार्डावरच्या गोल खोबणीच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढी सोनेरी पिन उभी दिसली पाहिजे. ती आडवी झाली असेल तर कार्ड बदलावं लागेल. ती सरळ असेल तर तारेकडचं कडं बघा. ते अंडाकृती झालं असेल तर चिमट्याने जरासं गोल करून पुन्हा बसवा आणि वर कॅप्टॉन टेपची पट्टी लावा. पट्ट्या काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, खोडरबर किंवा पॉलिश पेपर वापरू नका. सोन्याचा थर पातळ असतो.

प्रश्न : भारतात ६ गिगाहर्ट्झसाठी एएक्स२१० घेण्यात अर्थ आहे का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे

उत्तर : फक्त त्यासाठी नाही. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा पट्टा परवान्याशिवाय वापरू देण्याच्या नियमांचा मसुदा काढला. वरचा पट्टा, म्हणजे ६४२५ ते ७१२५, त्यात नाही. खालच्या पट्ट्यात १६० मेगाहर्ट्झचे तीन चॅनेल मावतात. राउटरही ६ गिगाहर्ट्झचा लागतो आणि लॅपटॉपवर विंडोज ११ हवं, विंडोज १० वर इंटेलचा ड्रायव्हर हा पट्टा उघडत नाही. एएक्स२०० आणि एएक्स२१० यांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर २१० घ्या. फरक मोठा असेल तर ते पैसे चांगल्या राउटरवर घाला.

प्रश्न : लॅपटॉपचं वायफाय मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं आहे आणि ते बिघडलं. यूएसबी अडॅप्टर घेतला, पण २.४ गिगाहर्ट्झवर सतत तुटतो. – छायाचित्रकार, नाशिक

उत्तर : अडॅप्टरच्या शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावता का? यूएसबी ३.० च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. अडॅप्टर त्याला खेटून असेल तर राउटरचा आवाज त्याला ऐकू येत नाही. फोटो उतरवताना वायफाय तुटतं आणि डिस्क काढली की सुधारतं, तर कारण हेच. अर्धा-एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर टेबलाच्या कडेला उभा ठेवा आणि जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा, त्या पट्ट्याला हा त्रास होत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची परवानगीही काढून टाका. काही अडॅप्टर पहिल्यांदा जोडल्यावर ड्रायव्हर असलेली छोटी सीडी म्हणून दिसतात. विंडोजमध्ये त्यातला ड्रायव्हर टाकला की रूप बदलतं. लिनक्समध्ये तो डिस्क म्हणूनच राहिला तर 'इजेक्ट' करा किंवा यूएसबी मोडस्विच हे पॅकेज टाका, मग वायफाय म्हणून ओळखला जाईल.